ऋणमुक्ताची उपासना

१

ख्रिस्ती उपासनेच्या साहित्याचा विचार करू लागले, की एक प्रश्न प्रारंभीच आडवा येतो. देवाने केलेली क्षमा आणि माणसाने केलेली उपासना ह्यांत अगोदर कोणती? उपासना हे क्षमेचे मोल आहे, की क्षमेचे फळ? प्रश्न वरकरणी धर्मशास्त्राचा वाटतो, आणि धर्मशास्त्रज्ञांनी त्यावर शतकानुशतके वाद घातलेलाही आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही; कारण स्तोत्राचा, गीताचा किंवा आत्मकथनाचा सूर त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो. मोल चुकते करणाऱ्याची भाषा एक असते, आणि ज्याला मोल माफ झाले त्याची भाषा निराळी असते. पहिली मोजूनमापून बोलते. दुसरीला मापाचे भान राहत नाही. ही दुसरी भाषा कशी घडते, तिचे बळ कशात आहे, आणि ती मराठीत आणताना कोणत्या शब्दांशी झगडावे लागते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या विचाराला सर्वांत सोयीचे स्थळ म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाचा शेवट (७:३६–५०). शिमोन नावाच्या परूश्याने येशूला जेवावयास बोलाविले आहे. परूशी म्हणजे धर्मनियमांचे काटेकोर पालन करणारे लोक. अशा घरात, पापी म्हणून गावात ओळखली जाणारी एक स्त्री येते. तिच्या हातात सुगंधी तेलाची अलाबास्त्र दगडाची कुपी आहे. ती येशूच्या मागे, त्याच्या पायांशी उभी राहते आणि रडू लागते. आसवांनी त्याचे पाय भिजतात; ती ते आपल्या केसांनी पुसते, त्यांचे मुके घेते आणि त्यांना तेल लावते. हा खरोखर संदेष्टा असता तर आपल्याला शिवणारी बाई कोण हे त्याला समजले असते, असे शिमोनाच्या मनात येते. ते ओळखून येशू त्याला एक दृष्टांत घालतो. एका सावकाराचे दोन ऋणको होते. एकाकडे ५०० दीनार येणे होते, दुसऱ्याकडे ५०. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून कळते. तेव्हा एकाचे देणे दीड वर्षाच्या कष्टाएवढे होते, दुसऱ्याचे दोनएक महिन्यांचे. फेडावयास दोघांपाशीही काही नव्हते, म्हणून सावकाराने दोघांचेही देणे सोडून दिले. आता त्या दोघांतील कोणाचे प्रेम अधिक असेल?

शिमोनाचे उत्तर बरोबर येते. पण त्यानंतर येशू त्या स्त्रीविषयी जे बोलतो तेथे अनुवादक अडतो. तिच्या पुष्कळ पापांची क्षमा झाली आहे, हा वाक्याचा एक भाग. तिचे प्रेम मोठे आहे, हा दुसरा. दोहोंना जोडणारे ग्रीक अव्यय ‘होटि’ हे आहे. लॅटिन बायबलात त्याच्या जागी ‘क्वोनिआम’ आले. मराठीत ‘कारण’ आले. हे ‘कारण’ कशाचे? प्रेम केल्यामुळे क्षमा झाली असा अर्थ घेतला, तर प्रेम हे क्षमेचे साधन ठरते. परंतु ‘कारण’ ह्या शब्दाचा आपण दुसऱ्या रीतीनेही उपयोग करतो. रात्री पाऊस पडून गेला असला पाहिजे, कारण अंगण ओले आहे, असे कोणी म्हणाले, तर अंगण ओले असल्यामुळे पाऊस पडला असे कोणी समजत नाही. ओले अंगण हे पावसाचे गमक आहे, उगम नव्हे. त्याच न्यायाने त्या स्त्रीचे प्रेम हे तिला लाभलेल्या क्षमेचे गमक ठरू शकते. ग्रीक अव्ययात ह्या दोन्ही शक्यता आहेत, आणि सुदैवाने मराठी अव्ययातही आहेत.

संदर्भ दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. दृष्टांतात देणे आधी सुटते आणि प्रेम नंतर उपजते. क्षमेचे क्रियापद ‘अफेओन्ताइ’ हे पूर्ण काळातील आहे. कृती घडून गेली असून तिचा परिणाम टिकून आहे, असे ते सांगते. शिवाय ज्याला थोडे माफ होते त्याचे प्रेमही थोडे असते, हा त्याच वचनाचा उत्तरार्ध पहिल्या अर्थाशी जुळतच नाही. सोळाव्या शतकातील वादात कॅल्व्हिनने ह्या अर्थाचा आग्रह धरला, तर कॅथलिक पक्षाने प्रेमाचा क्षमेतील वाटा ह्याच वचनावरून दाखविला. पुढे १९६१ च्या ‘न्यू इंग्लिश बायबल’च्या नव्या कराराने, प्रेम हा क्षमेचा पुरावा आहे, असा उलगडा अनुवादातच करून टाकला, आणि जोसेफ फिट्झमायरसारख्या जेझुइट भाष्यकारालाही हाच अर्थ ग्राह्य वाटला. वाद बराचसा शमला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि एक अडचण उरते, आणि वाङ्मयदृष्ट्या तीच मोलाची आहे. येशू त्या स्त्रीला उद्देशून क्षमेचा उच्चार करतो तो तिच्या आसवांनंतर. मग तिला क्षमा झाल्याचे अगोदर केव्हा कळले? लूक ते सांगत नाही. ती कोण, तिने काय केले होते, हेही तो सांगत नाही. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला ह्याने आपल्या प्रवचनात तिला मरीया मग्दालिया ठरविले आणि पश्चिमेच्या कलेत ते रूप रुळले. पण लूकच्या कथेत तिला नाव नाही, आणि साऱ्या प्रसंगात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. क्षमेचा क्षण पडद्याआड ठेवून लेखकाने आपल्याला केवळ तिचा प्रतिसाद दाखविला आहे. पाऊस आपण पाहिलेला नाही. आपल्यासमोर आहे ते ओले अंगण. ख्रिस्ती उपासनेचे उत्तम साहित्य ह्याच रीतीचे असते, असे मला वाटते. ते क्षमेचे वर्णन करावयास जात नाही. ती होऊन गेल्यावर माणूस कसा वागतो, कसा बोलतो, हे दाखविते.

२

पापाला ऋणाची उपमा देणे हे येशूच्या भाषेत स्वाभाविक होते. अरमाईक भाषेतील ‘होबा’ हा एकच शब्द ऋण आणि पाप ह्या दोहोंचा वाचक आहे. म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने ऋणांचा उल्लेख केला आहे, तर लूकने त्याच जागी पापे म्हटले आहे. मराठी वाचकाला ऋणाची कल्पना परकी नाही. उलट ती इतकी आपली आहे की तीच अनुवादकाच्या वाटेत उभी राहते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच माणूस जन्मतो, ही वैदिक धारणा आपल्या भाषेत खोल मुरली आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडावयाचे असते. ह्या चौकटीत देवाची उपासना ही ऋणाची फेड आहे. आभार मानतानाही आपण ‘उतराई होणे’ असे म्हणतो. म्हणजे कृतज्ञतेतसुद्धा डोईवरचे ओझे उतरविण्याचीच प्रतिमा आहे.

लूकच्या दृष्टांतात ह्या चौकटीला जागा नाही. दोघांचेही देणे सुटले ते त्यांच्यापाशी काहीच नव्हते म्हणून. तेथे योजलेले ‘एखारिसातो’ हे क्रियापद ‘खारिस’, म्हणजे कृपा, ह्या शब्दापासून आले आहे. केवळ हिशेब मिटविला एवढाच त्याचा भाव नाही, देणे दान म्हणून सोडले असा आहे. आजच्या मराठीत ‘कर्जमाफी’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. पण तिच्याशी अर्ज, पात्रता, याद्या आणि मुदती इतक्या निगडित झाल्या आहेत, की कृपेचा गंध त्याला येत नाही. ‘क्षमा’ हा शब्द उदात्त आहे, परंतु त्यात सहन करण्याचा भाव प्रधान आहे. पृथ्वीला क्षमा म्हणतात ते ह्याच अर्थाने. ग्रीक शब्दातील ‘सोडून देणे’ त्यात पुरते उतरत नाही. आणि ‘प्रायश्चित्त’ म्हटले की दंड पुन्हा आत शिरतोच.

आता त्या स्त्रीच्या कृतीकडे ह्या दृष्टीने पाहावे. येशू शिमोनाला तीन उणिवा दाखवितो: पाय धुवावयास पाणी दिले नाहीस, चुंबन घेतले नाहीस, डोक्याला तेल लावले नाहीस. प्रत्येक उणिवेसमोर तिची कृती ठेवलेली आहे, आणि प्रत्येक वेळी ती मागणीपेक्षा कितीतरी मोठी आहे. पाण्याऐवजी आसवे आणि पंचाऐवजी केस. एका चुंबनाऐवजी न थांबणारी चुंबने. डोक्याला लावावयाच्या साध्या तेलाऐवजी पायांना सुगंधी तेल. फेड ही नेहमी देण्याएवढी असते. येथे माप सांडून गेले आहे. फेडणाऱ्याला असे सांडणे परवडत नाही; हिशेबातून मोकळे झालेल्यालाच ते जमते.

तुकारामांसारख्या संताला ही अवस्था ठाऊक नव्हती असे मात्र कोणी समजू नये. संतांच्या उपकारांविषयी बोलताना, उतराई होण्यासाठी जीव वाहिला तरी तो अपुरा, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आहेत. म्हणजे फेडीचा शब्द वापरूनच फेडीची अशक्यता त्यांनी सांगितली. हा मराठी भक्तिकाव्याचा स्वतःचा मार्ग आहे, आणि अनुवादकाने तो लक्षात ठेवावा असा आहे. शब्द टाकून देण्यापेक्षा तो ताणून, त्याच्या पलीकडचे दाखविणे अधिक हिताचे असते.

३

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सॅम्युअल जॉन्सनने ‘लाइव्ह्ज ऑफ द पोएट्स’ (१७७९–८१) मधील वॉलरच्या चरित्रात भक्तिकाव्याच्या शक्यतेविषयीच शंका घेतली. त्याच्या मताचा आशय असा, की न्यायाधीशासमोर थरथरत उभ्या असलेल्या पश्चात्तप्ताला लय आणि विशेषणे निवडण्याची फुरसत नसते. अंतःकरणातून आलेली भक्ती अलंकार शोधीत नाही, आणि अलंकार शोधणारी भक्ती अंतःकरणातली नसते. आक्षेप हलका नाही. भक्तिगीतांच्या पुष्कळशा संग्रहांवर नजर टाकली, की तो कोठेकोठे खराही वाटतो.

पण जॉन्सनने निवडलेला प्रसंग पाहावा. तो निकालाच्या अगोदरचा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातील माणसाला फुरसत नसते हे खरेच. परंतु ज्याला निर्दोष सोडून जेवावयास बसविले आहे, त्याला फुरसत असते. क्षमा आधी आणि उपासना नंतर, हा क्रम मान्य केला की जॉन्सनचा आक्षेप आपोआप सैल होतो. लूकच्या कथेतील ती स्त्री कुपी बरोबर घेऊन आली होती. तेल पूर्वीच विकत घेतलेले होते. आसवे मात्र तिने योजलेली नसावीत. पुसावयास वस्त्र नव्हते, केस सोडावे लागले, ह्यावरून तसे दिसते. सिद्धता आणि उत्स्फूर्तता ह्या दोन्ही तिच्या उपासनेत एकत्र आहेत, आणि त्यांत विरोध नाही. कवीचा छंद, गायकाचा रियाझ, अनुवादकाची शब्दांची निवड, ही त्या कुपीसारखी असतात. ती अगोदर तयार करावी लागतात. आसवे नंतर आपली वाट शोधतात.

जॉर्ज हर्बर्टच्या ‘द टेंपल’ (१६३३) ह्या संग्रहात ‘लव्ह’ नावाच्या कविता आहेत. त्यांतील तिसरी ही ‘द चर्च’ ह्या गीतविभागाच्या अखेरीस येते. जॉन्सनला तिच्याहून चोख उत्तर सापडणे कठीण. यजमान झालेले प्रेम पाहुण्याला आत बोलाविते. पाहुणा आपल्या मलिनतेची जाणीव होऊन मागे सरतो. तो एकेक कारण पुढे करतो, प्रेम ते सौम्यपणे दूर सारते. दोषाचा भार कोणी वाहिला हे कळल्यावर पाहुण्याची शेवटची धडपड सुरू होते: तसे असेल तर मी निदान वाढपी होऊन सेवा करीन. हा उतराई होण्याचाच प्रयत्न आहे, आणि तो सर्वांत सात्त्विक असल्यामुळे सर्वांत फसवा आहे. प्रेम त्यालाही नकार देते. पाहुण्याने बसावयाचे आहे आणि जेवावयाचे आहे. तो बसतो आणि जेवतो, एवढेच सांगून कविता संपते. इंग्रजीत ती शेवटची ओळ केवळ एकाक्षरी शब्दांची आहे. सारा संवाद सफाईने रचलेला आहे, तरी शेवटी उरते ते घास घेण्याएवढे साधे कृत्य. फ्रेंच विचारवंत सिमोन व्हेल ही १९३८ मध्ये तीव्र डोकेदुखीच्या काळात ही कविता पाठ म्हणत असे. आपण केवळ एक सुंदर कविता म्हणत आहो असे तिला वाटे, आणि नकळत तिची प्रार्थना होऊन गेली, असे तिने पुढे एका पत्रात लिहिले आहे. कविता आणि प्रार्थना ह्यांतील भिंत जॉन्सनला वाटली तितकी जाड नाही, ह्याची ही साक्ष समजावी.

४

गद्यात हा क्रम सर्वांत समृद्धपणे ऑगस्टीनच्या ‘कन्फेशनेस’मध्ये दिसतो. उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथे ३५४ मध्ये जन्मलेल्या ह्या वक्तृत्वाच्या शिक्षकाचा बाप्तिस्मा मिलान येथे ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोझच्या हातून झाला, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी त्याने हा तेरा भागांचा ग्रंथ लिहावयास घेतला. म्हणजे ग्रंथलेखनाच्या वेळी क्षमा हा त्याच्या दृष्टीने घडून गेलेला वृत्तांत होता. सुटकेसाठी दिलेली जबानी असे त्याचे स्वरूप नाही. ग्रंथाची सुरुवातच देवाच्या स्तुतीने होते. चोरलेल्या नासपतींपासून कामवासनेपर्यंतचे दोष पुढे येतात ते त्या स्तुतीच्या पोटात. लॅटिन ‘कन्फेस्सिओ’ ह्या शब्दाला पापाचा स्वीकार आणि देवाची स्तुती असे दोन्ही अर्थ आहेत, हे ऑगस्टीनने स्तोत्रसंहितेवरील प्रवचनांत श्रोत्यांना पुनःपुन्हा समजावून दिले होते.

मराठीत ह्या शीर्षकाचे काय करावे? ‘कबुलीजबाब’ हा शब्द कचेरीतला आहे. तो उच्चारताच फौजदार डोळ्यांसमोर येतो. ‘पापांगीकार’ म्हटले तर अर्धा अर्थ हाती लागतो आणि स्तुती बाहेर राहते. मला ‘निवेदन’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. निवेदन म्हणजे सांगणे, कळविणे. आणि निवेदन म्हणजे अर्पण करणेही. ‘नैवेद्य’ त्याच कुळातला आहे. नवविधा भक्तीची अखेरची पायरी ‘आत्मनिवेदन’ आहे, आणि तेथे स्वतःला सांगणे व स्वतःला वाहणे एकच होऊन जाते. ऑगस्टीनच्या शब्दातील दुहेरी अर्थ दुसऱ्या एखाद्या मराठी शब्दात इतका उतरेल असे दिसत नाही. उणीव आहे ती एकच: निवेदनात अपराधाची बोच नाही. ती शीर्षकात येणार नाही. मजकुरातूनच आणावी लागेल. हिब्रू परंपरेत दाविदाच्या नावे सांगितलेल्या ५१ व्या स्तोत्रात ही बोच आणि स्तुती ह्यांची सांगड आधीच घातलेली आहे. तेथे कवी होमबली देऊ करीत नाही, भंगलेले अंतःकरण पुढे ठेवतो. आणि ओठ उघडण्याची कृपाही देवाकडेच मागतो. स्तुती करण्याची शक्तीसुद्धा त्याला दान म्हणूनच हवी आहे.

५

ह्या साऱ्या विवेचनाला एक धोका चिकटलेला आहे, आणि त्याची दखल घेतल्याविना लेख पुरा होणार नाही. क्षमा फुकट मिळते असे म्हटले, की उपासना केवळ भावनेचा उमाळा होऊन बसते. दीट्रिख बोनहोफरने १९३७ साली ‘नाखफोल्गे’ ह्या ग्रंथात अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हणून धिक्कारले. नाझी सत्तेपुढे जर्मन चर्चचा मोठा भाग वाकलेला तो पाहत होता, आणि एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टांत हाच इशारा देतो. दहा हजार तालांतांचे अफाट देणे माफ झालेला चाकर, आपल्या सोबत्याचा शंभर दीनारांसाठी गळा धरतो. त्याचे आभार खोटे होते असे कथा म्हणत नाही. ते वाहते राहिले नाहीत, एवढेच तिचे म्हणणे आहे. तेव्हा उपासनेची कसोटी आसवांच्या प्रमाणात नाही. देवाने सोडलेले देणे माणूस दुसऱ्याला सोडतो की नाही, ह्यात ती आहे. साहित्याच्या बाबतीतही हेच खरे. ज्या भक्तिगीतात फक्त ‘मी’ आणि माझी सुटका आहे, ते कितीही आर्त असले तरी लवकरच कोरडे पडते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे वळले तर ह्या कसोट्यांचा उपयोग ध्यानात येईल. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवीला ख्रिस्तकथेचे वाहन केले, पण एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट मंडळ्यांत इंग्रजी गीतांचे अनुवाद विलायती चालींवर गाण्याचा प्रघात पडला. त्यांत श्रद्धा होती. परंतु भाषा पाहुणी होती, आणि पाहुण्या भाषेत आसवे सहसा मोकळी होत नाहीत. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर अभंग, भजन आणि कीर्तन ही आपली साधने चर्चमध्ये नेली. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला बायबलचा सोपा मराठी अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य स्त्रीला समजेल अशी भाषा त्यांनी हेतुपूर्वक धरली होती. दोघांनीही पंडिती झूल उतरविली, आणि क्षमा पावलेल्या माणसाला बोलण्यास आपली भाषा दिली.

टिळकांच्या गीतांत ख्रिस्ताला माउली म्हणून हाक येते. हे संबोधन त्यांनी वारकरी परंपरेतून उचलले, आणि त्याने अनुवादकाचा एक मोठा पेच सुटतो. आईचे ऋण फिटत नाही असे मराठी माणूस म्हणतो. पण आईपुढे तो ऋणको म्हणून उभा राहत नाही. ते देणे ना थकलेले असते, ना चुकविलेले. त्याचा तगादा येत नाही आणि त्याचे विस्मरणही होत नाही. लूकचा सावकार देणे सोडून दिल्यानंतर जो होतो, त्याला मराठीत हेच नाव द्यावे लागेल. सावकाराशी नाते देणे संपताच संपते. आईशी ते तेथून पुढेच चालू राहते. ‘होटि’ ह्या अव्ययाचा वाद व्याकरणाने मिटतो. पण त्यातील अर्थ मराठी वाचकाच्या मनात रुजावयाचा असेल, तर त्याला असेच एखादे घरचे नाते मिळाले पाहिजे. ख्रिस्ती उपासनागीते लिहिणाऱ्यांना आणि त्यांचे अनुवाद करणाऱ्यांना आपल्या प्रत्येक ओळीला एवढेच विचारता येईल: ही ओळ पावती म्हणून लिहिली आहे, की देणे सुटल्यानंतरच्या मोकळेपणाने?